इंग्रजी कादंबरीतल्या खलनायकाचं पतन

१९व्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत खलनायकाला नायक क्वचितच लोळवतो, बऱ्याचदा तो आपल्याच कर्मानं पडतो. लोभापायी पैसा जमवतो तोवर सगळं बरं चाललेलं असतं, मग आता लोकांनी आपल्याला मान पण दिला पाहिजे असं डोक्यात शिरतं आणि तिथंच गाडं फसतं.

याचा सगळ्यात झकास नमुना म्हणजे अँथनी ट्रोलपच्या 'द वे वुई लिव्ह नाऊ' (१८७५) मधला मेलमॉट. हा कुठून आला ते लंडनमधे कुणालाच धड माहीत नाही, मेक्सिकोच्या एका रेल्वे कंपनीचे शेअर खपवतो, आता ती रेल्वे कधी धावणार याची चौकशी करायची कुणाला गरज वाटत नाही कारण शेअरचा भाव चढतोय ना मग झालं. एवढ्यावर गप्प बसला असता तर निभावलं असतं कदाचित. पण नाही, याला चीनच्या बादशहाला घरी जेवायला घालायचंय, वेस्टमिन्स्टरमधून खासदार व्हायचंय, जुन्या घराण्याची इस्टेट पण हवी, ती पण पैसे न देता, मग कागदावर खोटी सही. जेवणाच्या दिवशीच कुजबुज पसरते आणि संध्याकाळी कितीतरी खुर्च्या रिकाम्या. तरी गडी निवडणूक जिंकतोच! शेवटी सगळं बाहेर आल्यावरही पार्लमेंटात जातो, तिथंच एकटा जेवतो, भरपूर पितो, भाषणाला उभा राहतो आणि तोल जाऊन पुढच्या बाकावरच्या सदस्याच्या अंगावर पडतो. त्याच रात्री घरी विष घेतो.

डिकन्सच्या 'लिटल डॉरिट' (१८५५-५७) मधला बडा सावकार आणि घोटाळेबाज मर्डल जरा वेगळा, त्याला स्वतःला गर्व असा नाहीच, उलट घरच्या बटलरलाच टरकून असतो आणि स्वतःची मनगटं अशी धरून ठेवतो जणू आपणच आपल्याला अटक केलीय. गर्व आहे तो त्याच्या पंगतीला बसणाऱ्या बड्या लोकांना. शेवटी तो सुनेकडे चाकू मागायला येतो, ती शिंपल्याच्या मुठीचा देऊ करते तर म्हणतो गडद मुठीचा नाही का, आणि शाईचा डाग पडू देणार नाही असं कबूल करून जातो. नंतर तो चाकू हमामखान्यात सापडतो, डागाळलेला, पण शाईनं नाही. डिकन्स हे लिहीत असतानाच फेब्रुवारी १८५६ मधे जॉन सॅडलीर या खासदार-बँकरनं हॅम्पस्टेड हीथवर विष घेतलं होतं आणि मर्डल त्यावरूनच घडवला असं डिकन्सनं स्वतः सांगितलंय.

विल्की कॉलिन्सच्या 'द वुमन इन व्हाइट' (१८५९-६०) मधला खलनायक काउंट फॉस्को तर कोंडीत सापडल्यावर कबुलीजबाबसुद्धा एवढ्या हौसेनं लिहितो की बघत राहावं, रात्रभर पानं लिहून खांद्यावरून मागं टाकत जातो, कारण आपली हुशारी कागदावर उतरलीच पाहिजे ना.

नुसत्या गर्वानं काय होतं ते बघायचं तर जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) मधली लेडी कॅथरिन. ही बाई खलनायिका म्हणावी एवढी वाईट नाही खरंतर. भाचा डार्सी कादंबरीची नायिका एलिझाबेथ हिच्याशी लग्न करणार अशी आवई ऐकून थेट तिच्या घरी येते, त्याच्याशी लग्न करणार नाही असं वचन दे म्हणून दम भरते, एलिझाबेथ साफ नकार देते. मग बाईसाहेब तडक भाच्याकडे, की बघ ही पोरगी किती उद्धट, वचनच देत नाही! डार्सीला एलिझाबेथकडून आधी एकदा नकार मिळालेला, त्यानं आशा सोडलेली, आणि मावशीच्या याच तक्रारीतून त्याला कळतं की परत विचारून बघायला हरकत नाही.