सरावाची प्लास्टिक तलवार : घेण्याआधी एवढे वाचा

आमच्या सरावाच्या तलवारी पॉलिप्रॉपिलीनच्या आहेत. त्यांना धार नाही, टोक गोल आहे आणि लाकडासारख्या कुसळ्या निघत नाहीत. पण त्या लागत नाहीत असे समजू नका. वार नीट बसला तर बोट मोडू शकते, डोळा जाऊ शकतो. वर्गात मुले असतील तर पालकांना हे आधीच सांगा.

मर्दानी खेळात सरावाचे हत्यार वेगळे ठेवायची रीत जुनीच आहे. फरी-गदगा म्हणजे ढाल-काठीचा खेळ, त्यातला गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली काठी. तलवारीचे हात त्यावरच बसवतात. जपानी सरावाची तलवार, शिनाई, बांबूच्या चार पट्ट्यांची असते. पण लाकूड रेषेवरून फाटते, बांबू चिरतो, म्हणून दोन्ही रोज तपासावे लागतात. प्लास्टिकचा मोठा फायदा इथेच आहे.

अडचण वजनाची. पोलाद पाण्याच्या जवळपास ८ पट जड, तर पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगते. त्यामुळे आम्ही पाते जाड ठेवतो आणि मुठीत लोखंडी वजन बसवतो. ९० सेंमी लांबीची आमची तलवार सुमारे ६०० ग्रॅम भरते. त्याच मापाची पोलादी साधारण १ किलोची असते. हलक्या तलवारीवर हात बिघडतो, असे वस्ताद सांगतात आणि ते खरे आहे. आमचा सल्ला असा : जोडीने वार-अडव करायला प्लास्टिक, एकट्याने पवित्रे घोटायला बोथट लोखंडी. नायलॉनची तलवारही मिळते. तिचे पाते पातळ आणि ताठ असते, हाताला पोलादाजवळचे वाटते, पण मारही जोरात बसतो. मुलांसाठी ती घेऊ नका.

डोके आणि हात

१९८२ साली रोमच्या जागतिक तलवारबाजी स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचे मोडलेले पाते मास्कच्या जाळीतून आत गेले आणि सोव्हिएत खेळाडू व्लादिमिर स्मिर्नोव्ह यांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्या खेळात मास्क, पोशाख आणि पाती यांचे नियम कडक झाले. तुमची तलवार प्लास्टिकची असली तरी जोडीच्या सरावाला तलवारबाजीचा मास्क हवाच. त्याची मागची बाजू उघडी असते, तिथे वेगळे गादीचे आवरण लावा. क्रिकेटच्या हेल्मेटवर भागवू नका. त्याच्या जाळीच्या फटीतून पात्याचे टोक सहज आत जाते. बॅटिंगचे ग्लोव्हज सावकाश सरावाला चालतात, वेगवान खेळाला अंगठ्यावर कडक कवच असलेले घ्या.

जपणूक

उन्हात ठेवू नका, प्लास्टिक ठिसूळ होते. भिंतीला टेकवून ठेवली की वाकते. आडवी ठेवा किंवा टांगा. वाकलीच तर गरम पाण्यात धरून सरळ करा आणि वजनाखाली गार होऊ द्या. पोलादी पात्याशी भिडवू नका. कडेला बारीक खाचा पडल्या तर पॉलिश पेपरने घासून काढा. परजेजवळ, म्हणजे मूठ आणि पाते यांमधल्या आडव्या पट्टीजवळ, पांढरी रेघ उमटली, तर ती तलवार त्याच दिवशी बाजूला काढा. ती तिथेच मोडते.

दांडपट्टा आम्ही बनवत नाही. मनगट खोबळ्यात, म्हणजे हात झाकणाऱ्या मुठीत, अडकलेले असताना पाते फिरवायला जो लवचिकपणा लागतो, तो या प्लास्टिकमध्ये येत नाही.

माप घेताना मुलाला हात सरळ खाली सोडून उभे करा. हाताच्या मुठीपासून जमिनीपर्यंतच्या अंतरापेक्षा पाते थोडे आखूड हवे. मागणी नोंदवताना हे अंतर सेंटिमीटरमध्ये कळवा.