बेडकाच्या अंडपेशीला ‘थोडंसं’ कळत नाही

पेशीतल्या संदेशवहनाचं चित्र आपण पाठ्यपुस्तकात कधी ना कधी पाहिलेलं असतं. वर पेशीपटलात रोवलेला ग्राही, त्याला चिकटलेलं संप्रेरक, तिथून खाली बाण, बाणाखाली गोल, पुन्हा बाण, पुन्हा गोल, असं करत करत शेवटी केंद्रक. ‘अ’ने ‘ब’ला जागं करायचं, ‘ब’ने ‘क’ला. मला हे चित्र बरीच वर्षं पुरेसं वाटायचं. मग एकदा साधा प्रश्न पडला: संप्रेरक दुप्पट केलं, तर शेवटचा गोल किती पट जागा होईल? दुप्पट? चौपट? की ढिम्म बसून राहील? बाणाला ते ठाऊक नसतं. कोण कोणाला उठवतं एवढंच तो सांगतो. किती आणि कधी, ते नाही.

ते हवं असेल तर प्रत्येक बाणाच्या जागी हिशेब मांडावा लागतो. जाग्या प्रथिनांची संख्या दर सेकंदाला किती बदलते? नव्याने जागी होणारी वजा पुन्हा झोपणारी. याचंच नाव अवकल समीकरण. जागं करणं म्हणजे बहुतेक वेळा प्रथिनावर फॉस्फेटचा गट चिकटवणं. हे काम कायनेज नावाची एन्झाइमं करतात आणि चिकटवलेला फॉस्फेट काढून टाकायचं काम फॉस्फटेज. दोघंही सतत कामावर असतात.

यीस्टपासून माणसापर्यंत सगळीकडे सापडणारी एक साखळी आहे, मॅप कायनेजची. तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एक कायनेज, पहिला दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला. तीन कशाला? ‘संदेश मोठा करायला’ हे ठरलेलं उत्तर. पण बेडकाच्या अंडपेशीत दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवरच्या प्रथिनांचं प्रमाण जवळपास सारखंच असतं. मग तिथे मोठं काय झालं?

ची-यिंग हुआंग आणि जेम्स फेरेल यांनी १९९६ साली या साखळीचं गणित मांडलं. उत्तर असं निघालं की साखळी संदेश मोठा करण्यापेक्षा त्याला धार लावते. कशी, हे सांगताना मी जरा रमणार आहे.

पहिली युक्ती दोन फॉस्फेटांची. तिसऱ्या पायरीवरचं प्रथिन एका फॉस्फेटने उठत नाही, दोन लागतात. कायनेज एक चिकटवून निघून जातो, दुसऱ्यासाठी पुन्हा गाठ पडावी लागते. त्यामुळे संदेश क्षीण असताना कायनेज निम्मे झाले, तर दोन्ही फॉस्फेट मिळालेली प्रथिनं निम्मी न होता साधारण पाव होतात. कुजबुज आपोआप दबून जाते.

दुसरी युक्ती अल्बर्ट गोल्डबेटर आणि डॅनियल कॉशलँड यांनी १९८१ मध्ये दाखवली होती. तळाला भोक असलेली बादली नळाखाली धरा. पाणी चढलं की दाब वाढतो, गळती वाढते, म्हणून नळ जेवढा सोडाल त्या मानाने पातळी कुठेतरी स्थिरावते. आता भोकाऐवजी मिनिटाला दहा लिटरच उपसणारी मोटर लावा, पाणी कितीही असो. नळातून नऊ लिटर येत असेल तर बादली कोरडी. अकरा केलं की भरून वाहणार. अधली पातळी टिकणं जवळजवळ अशक्य. फॉस्फटेजपुढे कामाचा ढीग इतका साचला की त्याला याहून वेगाने काम करताच येत नाही, तेव्हा तो भोक न राहता मोटर होतो. कायनेजचंही तसंच.

आता थोडे आकडे. साध्या एन्झाइमचा प्रतिसाद १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर न्यायचा, तर संदेश ८१ पट वाढवावा लागतो. ही धार मोजायला ‘हिल गुणांक’ वापरतात. साध्या एन्झाइमसाठी तो १. गुणांक ‘न’ असेल, तर ८१चं ‘न’-वं मूळ काढायचं, तेवढ्या पटीने संदेश वाढवला की झालं. हिमोग्लोबिनचा गुणांक साधारण २.८, म्हणजे सुमारे पाच पट पुरे. हुआंग-फेरेल यांच्या गणितात दुसऱ्या पायरीला तो १.७ आला आणि तिसऱ्या पायरीला ४.९, म्हणजे जेमतेम अडीच पट. अंडपेशींच्या अर्कात मोजून पाहिलं, तर आकडे जुळले. (इथे डोकं गरगरलं असेल तर मुळाचं विसरा, ८१ आणि अडीच एवढं लक्षात ठेवा.)

आणि मग खरी गंमत. झेनोपस जातीच्या बेडकाची अंडपेशी मिलिमीटरभराची, डोळ्यांना सहज दिसणारी. एकेका पेशीतलं प्रथिन स्वतंत्र तपासता येतं. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दिलं की ती परिपक्व होते. पुष्कळ पेशी एकत्र घोटून मोजलं तर संप्रेरकाच्या प्रमाणात जागा मॅप कायनेज (तिसऱ्या पायरीवरचं प्रथिन) हळूहळू वाढताना दिसतो. १९९८ मध्ये फेरेल आणि एरिक मॅक्लेडर यांनी पेशी एकेक करून तपासल्या. अर्धवट जागी अशी पेशी जवळजवळ नव्हतीच! एकतर पूर्ण जाग, नाहीतर गाढ झोप. सरासरीचा सुबक वक्र म्हणजे झोपलेल्या आणि जाग्या पेशींची बेरीज होती, आणि ती कुठल्याच पेशीची गोष्ट सांगत नव्हती.

याला एकटी धार पुरत नाही. जागा झालेला मॅप कायनेज पहिल्या पायरीवरच्या मॉस या प्रथिनाचं प्रमाण वाढवतो, म्हणजे शेपूट तोंडाला खाऊ घालते. धार आणि हे चक्र एकत्र आले की समीकरणांना दोन स्थिर उत्तरं मिळतात आणि मधलं उत्तर अस्थिर राहतं, टेकडीच्या माथ्यावर ठेवलेल्या गोट्यासारखं. म्हणूनच एकदा उठलेली पेशी प्रोजेस्टेरॉन धुऊन टाकलं तरी झोपत नाही. २००३ मध्ये हे चक्र तोडून पाहिलं, तेव्हा जागं राहण्याची ती आठवणही पुसली गेली.

‘पेशींना योग्य सिग्नल देऊन जागृत करणारी’ पूरकं आणि ‘लहरी’ विकणारे पाहिले की मला हा गोटा आठवतो. कोणतं प्रथिन, किती प्रमाणात, किती मिनिटं? एवढंच विचारा. दुसऱ्या टोकाला, अख्खी पेशी संगणकात उतरवली म्हणणाऱ्यांकडेही जरा जपूनच बघावं. अशा मॉडेलांतले कितीतरी स्थिरांक कोणी मोजलेले नसतात. आलेख जुळेपर्यंत सरकवलेले असतात.

तरीही ‘किती’ हा प्रश्न टाळून चालत नाही. बी-रॅफ हे माणसातल्या याच साखळीच्या पहिल्या पायरीवरचं प्रथिन. त्यातला एक विशिष्ट बिघाड त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगात सापडतो आणि मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांतही. त्याला दाबणारं वेमुराफेनिब हे औषध २०११ साली अमेरिकेत मेलानोमासाठी मंजूर झालं. आतड्याच्या कर्करोगावर मात्र ते एकटं फारसं चाललं नाही. बिघाड तोच, बाणही तेच. २०१२ मध्ये कारण कळलं, आणि तेही समीकरणांतून नव्हे तर प्रयोगांतून: बी-रॅफ दाबला की वरच्या ईजीएफआर या ग्राहीवरचा लगाम सुटतो आणि तो साखळी पुन्हा पेटवतो. लगाम मेलानोमातही सुटतो, पण त्या पेशींत हा ग्राही मुळातच फार थोडा असतो. म्हणून आतड्यासाठी बी-रॅफ आणि ईजीएफआर, दोन्हींवर एकदम हात ठेवणारी औषधांची जोडी आली. तिला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली.