गुरू ग्रंथ साहिब : प्रकाश, सुखासन आणि सत्कार

शीख पंथात गुरू ग्रंथ साहिब हा हयात गुरू मानला जातो. पहाटे ग्रंथ उघडून आसनस्थ करण्याला ‘प्रकाश’ आणि रात्री मिटून विश्रांतीच्या खोलीत नेण्याला ‘सुखासन’ म्हणतात. गुरूच्या दरबारात वागावे तसे वागणे आणि गुरूचे म्हणणे ऐकणे, हा या साऱ्या रिवाजाचा गाभा आहे.

पाचवे गुरू अर्जनदेव यांनी आदि ग्रंथ सिद्ध केला. लेखन भाई गुरदास यांचे. १६०४ साली अमृतसरच्या हरिमंदिर साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात, त्याची स्थापना झाली आणि बाबा बुड्ढा पहिले ग्रंथी, म्हणजे ग्रंथाचे वाचन व सेवा करणारे, झाले. ग्रंथ रात्री पलंगावर ठेवून गुरू अर्जनदेव स्वतः खाली जमिनीवर निजत, असे परंपरा सांगते. पुढे नववे गुरू तेगबहादूर यांची वाणी त्यात आली. १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरुपद दिले. संत नामदेवांची ६१ पदे या ग्रंथात आहेत, म्हणजे तिथे माथा टेकणारा प्रत्येक जण पंढरीच्या या वारकऱ्याच्या वाणीपुढेही नतमस्तक होतो. मराठी माणसाला याचा सार्थ अभिमान वाटावा.

दरबारात ग्रंथ ‘मंजी साहिब’ या छोट्या पलंगावर गाद्या-उशांच्या आधाराने ठेवतात. वर चांदवा असतो. वाचन चालू नसताना पानांवर ‘रुमाला’ हे वस्त्र पांघरतात. तो बहुधा रेशमी, जरीकाठी आणि भाविकांनी अर्पण केलेला असतो. मागे बसलेला सेवेकरी चौर, म्हणजे चवरी, ढाळतो. येणाऱ्याने जोडे बाहेर काढायचे, हातपाय धुवायचे, डोके झाकायचे, माथा टेकायचा आणि जमिनीवर बसायचे; ग्रंथाहून उंच आसन कोणालाच नाही. ग्रंथ हलवायचा झाल्यास तो स्वच्छ वस्त्रात बांधून डोक्यावर घेतात.

प्रकाशानंतरचा हुकुमनामा, म्हणजे ग्रंथातून मिळणारा गुरूचा आदेश, हा दिवसातला सर्वांत जिवंत क्षण म्हणावा लागेल. अरदास, म्हणजे सामूहिक प्रार्थना, झाली की ग्रंथी सहज ग्रंथ उघडतो आणि डाव्या पानाच्या माथ्यावरचा शबद, म्हणजे पद, वाचतो. तो शबद आधीच्या पानावर सुरू झाला असेल, तर पान मागे उलटून पहिल्या ओळीपासून वाचायचा. गुरूचे बोलणे अर्धवट ऐकायचे नाही. संगत, म्हणजे जमलेले भाविक, तो त्या दिवसाचा आदेश म्हणून स्वीकारते. एकूण १४३० पाने आहेत; त्यांना ‘अंग’ म्हणतात. ती न थांबता, वाचणारे आळीपाळीने बदलत वाचण्याच्या अखंड पाठाला सुमारे ४८ तास लागतात.

अमृतसरमध्ये रात्री फुलांनी सजवलेली पालखी हरिमंदिरातून समोरच्या अकाल तख्त या धर्मपीठातील कोठा साहिबात, म्हणजे ग्रंथाच्या विश्रांतीच्या खोलीत, जाते आणि पहाटे परतते. खांदा द्यायला भाविकांची दाटी असते. प्रत्येकाला चार पावले मिळाली तरी पुरतात.

घरी ग्रंथ ठेवायचा तर त्याला स्वतंत्र, स्वच्छ खोली आणि नेमाचा प्रकाश-सुखासन हवा. हे जमण्यासारखे नसल्यास अनेक कुटुंबे नित्य प्रार्थनेचा ‘गुटका’, म्हणजे छोटी पोथीच, घरात ठेवतात. ही काळजी निव्वळ औपचारिक नाही, जबाबदारीची आहे. जीर्ण प्रतींना ‘अगनभेट’ देतात, म्हणजे मर्यादेने अग्निसंस्कार करतात; पंजाबातील गोइंदवाल त्यासाठी प्रसिद्ध आहे.

गुरुद्वारांचे व्यवस्थापन पाहणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ मध्ये मान्य केलेल्या रहत मर्यादेत, म्हणजे शीख आचारसंहितेत, धूप-दिव्यांची आरती, नैवेद्य, घंटानाद यांना स्थान नाही, आणि दुसरा कोणताही ग्रंथ गुरू ग्रंथ साहिबाच्या बरोबरीने स्थापायचा नाही. नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिबात मात्र जुन्या परंपरेने दिव्यांची आरती होते आणि गुरू गोविंदसिंगांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दसम ग्रंथाचाही प्रकाश असतो. हा मतभेद पंथात आजही चर्चेत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००० साली गुरू ग्रंथ साहिबाला कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ मानले. त्यामुळे जमीन त्याच्या नावे असू शकते. छपाईतही पावित्र्य राखले जावे म्हणून पंजाबने २००८ मध्ये कायदा करून छपाईचा अधिकार प्रबंधक समितीकडे सोपवला.