मेटलहेड : शिक्का आणि ओळख

हेवी मेटल संगीत ज्यांच्या जगण्यात मुरलंय त्यांना मेटलहेड म्हणतात. काळा बँडचा टीशर्ट, वाढवलेले केस, गाण्याबरोबर जोरजोरात मान हलवणं, ही बाहेरून दिसणारी खूण. या संगीताची सुरुवात साधारण १९७० मधल्या ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमपासून धरतात, बँड बर्मिंगहॅमचा, कारखान्यात राबणाऱ्या घरांतल्या पोरांचा.

मेटलहेडवर सगळ्यात जुना शिक्का म्हणजे ही पोरं सैतानाची भक्त, व्यसनी आणि हिंसक. दोन बोटांची शिंगं करतात ना, ती खूण लोकप्रिय केली मेटल गायक रॉनी जेम्स डिओने, आणि तो सांगायचा की ती त्याच्या इटालियन आजीची, वाईट नजर लागू नये म्हणून ती करायची. म्हणजे आपल्याकडे मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात तसलाच प्रकार, सैतानाचा काही संबंधच नाही. १९८५ मध्ये अमेरिकन सिनेटपुढे ट्विस्टेड सिस्टर बँडच्या गायक डी स्नायडरने स्वतः सांगितलं की मी ख्रिश्चन आहे, दारू-सिगरेट-ड्रग्ज काहीच घेत नाही. पण शिक्का गेला नाही, आणि तो किती महागात पडतो ते अमेरिकेतल्या वेस्ट मेम्फिस गावात दिसलं. तिथे १९९३ मध्ये तीन लहान मुलांचे खून झाले, ठोस पुरावा नसताना संशय तीन टीनएजर्सवर गेला, आणि त्यातल्या एकाचे काळे कपडे, मेटॅलिकाची गाणी, वाचनातली पुस्तकं हे सगळं कोर्टात त्याच्याविरुद्ध मांडलं गेलं. त्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली, दोघांना जन्मठेप. तिघं सुटले २०११ मध्ये, सरकारी पक्षाशी तडजोड होऊन, तोवर १८ वर्षं आत गेली होती. हे वाचताना अजूनही पोटात गोळा येतो.

मुंबईत १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव भरायचा तो धोबीतलावच्या रंगभवनात. पुढे डेमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत असे इथलेच बँड आले. इथल्या घरांतला शिक्का जरा वेगळा. संक्रांत सोडली तर सणाला काळं घालायचं नाही, आणि पोरगा ऐन पाडव्याला कवटीचा टीशर्ट घालून पानावर बसलेला, मग आई श्रीखंड वाढता वाढता म्हणते, "बदल रे तो आधी, पाहुणे येतायत." प्रत्यक्ष गिगला, म्हणजे बँडच्या कार्यक्रमाला, मात्र गर्दीत धक्काबुक्की करताना कोणी पडला तर आजूबाजूचे चारजण लगेच त्याला उचलतात, हा अलिखित नियम आहे.

आतला शिक्का याहून चिवट, आणि त्याबद्दल बोललं कमी जातं. 'खरा मेटलहेड' कोण आणि 'पोझर', म्हणजे नुसता दिखावा करणारा, कोण हे ठरवणारे सगळीकडे भेटतात. मुलगी आयर्न मेडन या बँडचा टीशर्ट घालून आली की पहिला प्रश्न, "तीन गाणी सांग बघू." तिच्या शेजारी तोच टीशर्ट घातलेल्या मुलाला कोणी काही विचारत नाही. हे चूकच आहे. मेटल म्हणजे मर्दानी काम ही समजूत यामागे आहे, आणि या मर्दानीपणाचा जो गणवेश, चामड्याचं जॅकेट, खिळे, साखळ्या, तो १९७० च्या दशकाच्या शेवटी रुजवला जुडास प्रीस्ट बँडच्या गायक रॉब हॅलफर्डने. १९९८ मध्ये त्याने टीव्हीवर आपण गे असल्याचं उघड सांगितलं. त्यावेळी तो बँडमध्ये नव्हता, २००३ मध्ये परत आला आणि त्याच खिळ्यांच्या जॅकेटात, मोटरसायकलवर बसून पुन्हा स्टेजवर यायला लागला.