व्हॅनिला सॉस आणि उरलेला भात

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि याच दिवसांत लग्नाच्या, तेरवीच्या पंगती उठत असतात. सकाळी शिजवलेल्या भाताचा मोठा गंज झाकून कोपऱ्यात ठेवला जातो आणि रात्री त्याच भाताला फोडणी पडते. आमच्या घरीही वर्षानुवर्षे असेच होत आले. भात विटलेला नसला आणि त्याला वास येत नसला, की तो चांगला आहे असे आपण धरून चालतो. हा समज किती अपुरा आहे, ते नॉर्वेचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टाइनार हाउगे यांच्या संशोधनातून कळते.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्लोमध्ये चार वेळा अन्नातून विषबाधा झाली आणि एकूण सुमारे ६०० माणसे आजारी पडली. दोष व्हॅनिला सॉसमध्ये होता. मक्याचे पीठ घालून तो आदल्या दिवशी शिजवला होता आणि मोठ्या भांड्यात, फ्रिजबाहेरच, रात्रभर ठेवला होता. हाउगे यांनी तपासणी केली तेव्हा त्याच्या एकेका मिलिलीटरमध्ये अडीच ते अकरा कोटी ‘बॅसिलस सिरियस’ जिवाणू आढळले.

हा जिवाणू नवा नव्हता. गोठ्यातील हवेतून तो वेगळा केल्याची नोंद १८८७ मधील आहे आणि त्याच्या वसाहती मेणासारख्या दिसतात म्हणून त्याला ‘सिरियस’ हे नाव मिळाले. तो मातीत असतो, धुळीत असतो, तांदळात आणि मसाल्यांतही असतो. खरी अडचण येथेच होती, कारण जो जिवाणू सगळीकडेच सापडतो, तो अन्नात सापडला एवढ्यावरून त्याला आजाराचे कारण ठरवता येत नाही. म्हणून हाउगे यांनी निर्जंतुक केलेल्या सॉसमध्ये हाच जिवाणू सोडला, त्याची वाढ होऊ दिली आणि त्यातील सुमारे २०० मिलिलीटर सॉस स्वतः प्यायले. सुमारे १३ तासांनी त्यांच्या पोटात तीव्र कळा सुरू झाल्या, जुलाब झाले आणि हा त्रास सुमारे आठ तास टिकला. आज असा प्रयोग करण्यास परवानगी मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे. तरीही पुराव्याबाबत इतका काटेकोर असलेला हा माणूस मला मोठा वाटतो. त्यांचे निष्कर्ष १९५० मध्ये नॉर्वेजियन भाषेत आणि १९५५ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले.

शिजवूनही हा जिवाणू उरतो, याचे कारण त्याचे बीजाणू. प्रतिकूल काळात तो जाड कवचाच्या आत निद्रिस्त होतो आणि भात उकळला तरी ते कवच तग धरते. उलट त्या उष्णतेने बीजाणू जागे होतात आणि अन्नातले इतर बहुतेक जिवाणू मेलेले असल्यामुळे त्यांना स्पर्धक उरत नाही. ३० ते ३७ अंश हे त्यांच्या वाढीला सर्वांत मानवणारे तापमान आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर लावलेली खोलीही बहुधा याच टप्प्यात असते आणि मोठ्या गंजाच्या मध्यभागचा भात तर कित्येक तास कोमटच राहतो. दर अर्ध्या तासाला संख्या दुप्पट झाली, तर एका जिवाणूचे दहा तासांत दहा लाखांहून अधिक जिवाणू होतात.

पुढे १९७० च्या दशकात इंग्लंडमधील चिनी उपाहारगृहांतल्या परतलेल्या भातामुळे उलट्या झाल्याची प्रकरणे पुढे आली. फ्रिजमध्ये ठेवलेल्या भाताचे गोळे होतात म्हणून तेथे शिजवलेला भात बाहेरच ठेवला जाई. हाच जिवाणू दोन प्रकारची विषे तयार करतो. जुलाब घडवणारे विष आतड्यात तयार होते आणि ते उष्णतेने नष्ट होते. उलट्या घडवणारे ‘सेरेउलाइड’ हे विष मात्र आधीच भातात तयार झालेले असते आणि १२१ अंशांवर ९० मिनिटे तापवले तरी टिकते. फोडणीची कढई त्यापुढे काहीच करू शकत नाही.

म्हणून जे करायचे ते फोडणीआधीच करावे लागते. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर ठेवू नये, गरम ठेवायचे असल्यास ६० अंशांच्या वर आणि थंड ठेवायचे असल्यास पाच अंशांच्या खाली ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या घरी आता जेवण आटोपताच उरलेला भात परातीत पातळ पसरतो, वाफ गेली की लहान डब्यांत भरतो आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवतो.