बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढतं?

गरोदर लेकीच्या हिरडीतून रक्त आलं की घरातली एखादी मावशी हमखास म्हणते, "लेकरागणिक एक दात जायचाच. बाळ कॅल्शियम ओढून घेतं ना!"

बाळाला कॅल्शियम लागतं हे खरंच. जन्मापर्यंत त्याच्या हाडांत साधारण ३० ग्रॅम साठतं. पण ते येतं आईच्या आहारातून आणि कमी पडलं तर तिच्या हाडांतून. दातांतून नाही. हाडाची झीज-भर आयुष्यभर चालू असते. दातांतलं कॅल्शियम मात्र असं रक्तात परत जात नाही.

खरा खेळ संप्रेरकांचा. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वाढलं की हिरडीतला रक्तपुरवठा वाढतो आणि दातांवरच्या चिकट थराने, म्हणजे प्लाकने, ती एरवीपेक्षा जास्त सुजते. काहींना पाळीच्या आधीही हेच जाणवतं. रजोनिवृत्तीनंतर तक्रार वेगळी: तोंड कोरडं पडणं, जळजळ.

गरोदरपणात दात किडतात ते उलट्यांतलं आम्ल आणि सारखं काहीतरी गोड चघळणं यांमुळे. उलटीनंतर लगेच ब्रश करू नका. खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरा, ब्रश अर्ध्या-एक तासाने.

रक्त येतं म्हणून ब्रशच बंद करणं हा सगळ्यात वाईट उपाय (आणि तोच सर्रास होतो!). प्लाक साचतो, सूज वाढते. मऊ ब्रश घ्या, पण घासा. दातांच्या डॉक्टरांकडे जायला बाळंतपणापर्यंत थांबायची गरज नाही. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा, आणि ठणकत असेल तर कधीही.