अंथरुणात शिरताना सुचलेलं गणित

भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्यावरच्या बहुतेक कवितांत एक पिंजरा असतो आणि एक पाखरू असतं. शरीर खुर्चीला खिळलेलं, मन मात्र ताऱ्यांपलीकडे गेलेलं. त्यामागची माया खरी आहे, पण ही प्रतिमा मला अपुरी वाटते. हॉकिंग यांचं मन शरीराला मागे टाकून उडालं नाही. त्या शरीराच्या संथ चालीनेच ते विचार करायला शिकलं.

1963 मध्ये, 21व्या वर्षी, त्यांना मोटर न्यूरॉन आजाराचं निदान झालं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी या आजारात मरत जातात. डॉक्टरांनी दोनेक वर्षं दिली होती. ते 76 वर्षं जगले.

1970 च्या नोव्हेंबरातली एक रात्र. मुलगी लूसी नुकतीच जन्मली होती. हॉकिंग झोपायला निघाले होते, आणि अंथरुणात शिरायलाही त्यांना बराच वेळ लागे. तेवढ्या वेळात ते कृष्णविवराच्या, म्हणजे ज्याच्या ओढीतून प्रकाशही सुटत नाही अशा वस्तूच्या, काठाचा विचार करत होते. या काठावर, म्हणजे घटनाक्षितिजावर, प्रकाशाचे किरण जणू अडकून पडलेले असतात. बाहेर निसटत नाहीत, आत पडतही नाहीत. ते एकमेकांच्या जवळ सरकू लागले तर शेवटी धडकतील आणि आत कोसळतील. मग तो काठ कसला? म्हणजे ते जवळ येऊच शकत नाहीत, आणि क्षितिजाचं क्षेत्रफळ कधी घटू शकत नाही! त्या रात्री त्यांना धड झोप लागली नाही. पुढे हाताने लिहिणं सुटत गेलं, तसं समीकरणांऐवजी अशी चित्रं मनात मांडून काम करणं त्यांनी अंगवळणी पाडलं.

कधीच न घटणारी राशी म्हटली की एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचं माप, आठवते. भौतिकशास्त्रज्ञ जेकब बेकेनस्टाइन यांनी क्षितिजाच्या क्षेत्रफळाचं एन्ट्रॉपीशी हे नातं सुचवलं तेव्हा हॉकिंग चिडले. एन्ट्रॉपी आली की तापमान आलं, आणि तापमान असलेली वस्तू प्रारण, म्हणजे उष्णतेच्या लहरी, सोडणारच. कृष्णविवरातून काय बाहेर पडणार? 1974 मध्ये पुंजभौतिकीचे, म्हणजे अणूंच्या सूक्ष्म जगाचे, नियम लावून त्यांनी स्वतःच दाखवलं की पडतं. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या विवराचं तापमान निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या कमी तापमानाच्या, वर एका अंशाच्या कोटीव्या भागाइतकंही नसतं. पण शून्य नसतं. म्हणजे कृष्णविवर पुरतं काळं नाही. हॉकिंग यांच्यावर कविता करायची तर ती इथून सुरू व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

1985 मध्ये न्यूमोनिया झाला, श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि आवाज गेला. मग त्यांच्या वतीने संगणक बोलू लागला, सुरुवातीला मिनिटाला जेमतेम 15 शब्द. बोटंही थकली तेव्हा चष्म्यावरचा सेन्सर गालाची हालचाल टिपू लागला. पडद्यावरची खूण अक्षरांवरून सरकत राही. हवं ते अक्षर आलं की गाल किंचित हलवायचा. इतक्या कष्टाने मिळालेला शब्द कोण उधळेल? 2015 मध्ये कवयित्री सारा हाउ यांनी त्यांच्यासाठी प्रकाशाविषयी एक कविता लिहिली, आणि ती त्यांनी याच यंत्रातल्या आवाजात वाचली.

15 जून 2018 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्यांच्या अस्थी ठेवल्या गेल्या. त्याच दिवशी स्पेनमधल्या एका अँटेनावरून तो आवाज सुमारे 3500 प्रकाशवर्षं दूरच्या एका कृष्णविवराच्या दिशेने पाठवण्यात आला. तो अजून वाटेवर आहे.